सात नंबरचा जवान

सात नंबरच्या कॉटवरच्या जवानाच्या कपाळातून रक्त वाहत होतं. चारुलताने हातातली पिशवी तिथेच टाकली, धावत गेली आणि जखम घट्ट दाबून धरली.

"आवं सिस्टर... रंग हाय त्यो! मी अनीश. महाबळेश्वरला टॅक्सी हाय माझी, हितं चार दिस जवान झालोय."

सगळा हॉल हसला. वाईच्या त्या शाळेत चव्वेचाळीस सालचं लष्करी इस्पितळ उभं केलं होतं – टीव्हीच्या मालिकेसाठी. नर्स झालेल्या नटीला पट्टी बांधायला शिकवायचं म्हणून सांगलीच्या एका दवाखान्यातून चारुलताला चार दिवस बोलावलं होतं. शिकवणं राहिलं बाजूला, आल्या आल्या स्वतःचंच हसं करून घेतलं!

अनीश मात्र हसला नाही. कपाळ तिच्या हाताखाली तसंच ठेवून म्हणाला, "दाबा की अजून... बरं वाटतंय."

पुढचे दिवस छान गेले असते – पण ती नटी! अनीशच्या उशाशी बसायची, केसांतून बोटं फिरवायची, पट्टी बांधायची. आणि दर वेळी पट्टी घसरून त्याच्या नाकावर! "कट! सिस्टर, पुन्हा दाखवा." चारुलता पुन्हा बांधून दाखवायची, मग नटी बांधायची, पुन्हा तीच बोटं त्याच केसांत. हा गडी मांजरासारखा डोळे मिटून पडलेला. चारुलताच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. हा टॅक्सीवाला आपला कोण लागतो? कोणी नाही. मग जळतंय कशाला? पण जळत होतं, हे खरं.

चौथ्या दिवशी शेवटचा शॉट. तिला पाचची सांगलीची एसटी गाठायची होती. दिग्दर्शक वैतागून म्हणाला, "आता पट्टी सिस्टरच बांधतील. मॅडम, तुम्ही नुसत्या रडा."

चारुलताने पहिलाच वेढा करकचून आवळला.

"लय आवळताय..."

"मॅडमचे हात मऊ, नाही का?"

"मऊ हायत की." मग तो हळूच म्हणाला, "पण त्यांची पट्टी आपसूक कवाच सुटली न्हाई, सिस्टर. मीच उशीला डोकं घासून सोडवायचो."

"का?"

"सुटल्याबिगार तुमाला कोण बोलवणार?"

तिचे हात थांबले. कानाच्या पाळ्या तापल्या. पाच वाजत आले होते... तिने उरलेले वेढे घातले, गाठ मारली आणि पिशवी उचलून बाजूला झाली.

"ॲक्शन!" नटी रडली. जवान अगदी निपचित, मान जराही हलली नाही. तरी पट्टी अलगद घसरून नाकावर आली.

"कट! आता काय झालं? सिस्टर!"

चारुलता जवळ आली, तसा अनीशने एक डोळा उघडला. "आईशप्पथ, या खेपेला मी हललो न्हाई."

"माहीत आहे," पिशवी खाली ठेवत ती पुटपुटली. "गाठ मीच सैल मारली होती."