विचारू का?

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर वाचून सोडून द्या. फक्त 'रचून सांगतोय' असं म्हणू नका. रचायचीच असती तर मी अमावास्या घेतली असती, मध्यरात्र घेतली असती, लांबवर रडणारी कुत्री घेतली असती.

यातलं काहीच नव्हतं.

मंगळवार होता. सकाळचे अकरा वाजत आले होते. गच्चीवरची टाकी भरून वाहत होती आणि समोरच्या घरात कुणीतरी ड्रिलनं भिंतीला भोकं पाडत होतं. भुताला मानवेल असं वातावरण अजिबात नव्हतं.

घडलं ते माझ्या भावोजींच्या बाबतीत. भावोजी म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. पेशानं प्रोग्रामर. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नाही. प्रोग्राम वापरणाऱ्या माणसांवरही फारसा नाही.

त्यांची आई एकटी राहते. जुनं बैठं घर. स्वयंपाकघर, बैठकीची खोली, झोपायची खोली, मागचा व्हरांडा. आणि बोळाच्या टोकाला बाबांची खोली. बाबा गेल्यापासून तिला कुलूप.

मध्यंतरी आई न्हाणीघरात पडल्या. शेजारणीला कळेपर्यंत बराच वेळ तशाच पडून होत्या. हाड मोडलं नाही, पण भावोजींच्या धाकट्या बहिणीचा धीर मोडला. ती लांबच्या शहरात राहते. तिनं फर्मान काढलं.

"दादा, एक तर आई माझ्याकडे येईल, नाही तर ती घरात हिंडतेय-फिरतेय हे मला इथं बसून दिसलं पाहिजे. आजपासून तिसऱ्या रविवारपर्यंत बघ. नाही तर मी गाडी घेऊन येते."

आई म्हणाल्या, "मी कुठंही येणार नाही. मी इथंच मरणार. आणि तेही सावकाश."

म्हणजे सगळं भावोजींवर आलं.

त्यांनी चार जागी चार पांढऱ्या डब्या बसवल्या. सेन्सर. खोलीत कुणी हललं का आणि तापमान किती, एवढंच त्या सांगतात. कपाटावर पंजाएवढा एक कॉम्प्युटर ठेवला, त्यावर स्वतः लिहिलेला प्रोग्राम. कुणी विचारलं की प्रोग्रामनं डब्यांची खबर द्यायची. धाकटीच्या नवऱ्यानं, म्हणजे जावईबापूंनी, ती खबर दाखवायला एक वेबपान बनवलं. खोलीत हालचाल असली की हिरवा ठिपका.

बाबांच्या खोलीत डबी लावू का, असं विचारल्यावर आई म्हणाल्या, "तिथं कोण हलणार आहे?"

झालं. दोन तासांचं काम.

दहा दिवस झाले तरी संपेना.

आधी व्हरांड्यातल्या डबीनं छळलं. ऊन लागलं की ती तापमानाच्या जागी आकड्याऐवजी 'हा आकडा नाही' अशा अर्थाचा एक शब्द पाठवायची. खबर जायची ती जेसन नावाच्या साच्यातून. हा साचा सोवळ्याचा. नको तिथं एक अक्षर आलं की ब्राउझर सगळं ताट भिरकावून देतो. एका डबीपायी चारही खोल्या गायब.

"हा जेसन तुमच्या ऑफिसातला का?" आईंनी विचारलं.

"असता तर एव्हाना मी त्याचा गळा धरला असता."

ते निस्तरलं, तर दुसरं उपटलं. जावईबापूंचं पान एका सर्व्हरवर आणि भावोजींची खबर दुसऱ्या. ब्राउझर हा सासूपेक्षा संशयी प्राणी. एका घरच्या पानानं दुसऱ्या घरातून काही आणलेलं त्याला खपत नाही. त्या दुसऱ्या घरानं 'याला येऊ द्या' असं आपल्या तोंडानं सांगावं लागतं. भावोजींचा प्रोग्राम ते सांगत होता. निदान भावोजींचं तसं म्हणणं होतं.

"दादा, परत लाल," धाकटीचा फोन. "परवानगी नाही म्हणतंय. पोटच्या आईला बघायला परवानगी लागते होय रे?"

"तुझ्या नवऱ्याला विचार."

"तो म्हणतो तुझ्या बाजूला घोळ आहे."

"म्हणणारच."

म्हणून मंगळवारी भावोजी रजा टाकून आईच्या घरी जेवणाच्या टेबलापाशी बसले. येणारा प्रत्येक सवाल पडद्यावर ओळीनं दिसेल अशी सोय केली. कोण विचारतंय, काय विचारतंय, उत्तर काय गेलं.

आणि घोळ सापडला.

जावईबापूंचं पान एकदम विचारत नव्हतं. आधी ब्राउझर नुसतंच विचारत होता, 'विचारू का?' त्याला होकार मिळाला तरच पुढचा खरा सवाल. भावोजींच्या प्रोग्रामला खऱ्या सवालाचं उत्तर येत होतं. 'विचारू का?' कशाशी खातात ते त्याला ठाऊक नव्हतं. तो दार लावून घेत होता.

"शहाण्यांनो," भावोजी लॅपटॉपवर खेकसले, "विचारायचंय तर विचारा ना सरळ!"

आई चहा घेऊन आल्या. काय झालं म्हणाल्या. भावोजींनी सांगितलं.

आई कप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"आधी विचारू का म्हणून विचारतो? आणि मग विचारतो?"

"हो."

"तुझे बाबा."

खरंच, बाबा तसेच होते. सगळी हयात साहेबाच्या दाराशी उभं राहण्यात गेलेली. घरातसुद्धा आपल्या खोलीतून आधी खाकरायचे. मग, 'एक विचारू का?' आईंनी 'विचारा' म्हटलं की मगच, 'आहेस ना तिकडं?'

"जन्म गेला रे त्यात," आई म्हणाल्या. "आहेस ना, आहेस ना. जाणार कुठं होते? हातात उलथनं असायचं, वाटायचं फेकून मारावं."

त्या हसल्या. मग त्यांनी बोळाकडे बघितलं.

भावोजींचं लक्ष नव्हतं. त्यांचं डोकं फिरलं होतं. कुणाला होकार, कुणाला नकार ही यादी नीट लिहायची सोडून त्यांनी त्या जागी एक चांदणी (*) टाकली. प्रोग्रामर लोक वैतागले की करतात असं. चांदणीचा अर्थ एवढाच... कुणीही या.

फोन वाजला. "दादा! हिरवं झालं! स्वयंपाकघरात हलतंय! आई आहे ना ती?"

"नाही, जेसन आहे. ठेव फोन."

भावोजींनी चहाचा पहिला घोट घेतला.

पडद्यावर नवी ओळ आली. विचारू का? होकार. मग सवाल... फक्त स्वयंपाकघर.

धाकटीचं पान चारही खोल्या एकदम मागतं. हे एकच मागत होतं.

कोण विचारतंय, या रकान्यात धाकटीच्या पानाचं नाव नव्हतं. तिथं होतं, null. म्हणजे काही नाही. कुठूनही नाही.

आई झोपायच्या खोलीत गेल्या.

पुढची ओळ. विचारू का? होकार. आणि सवाल... झोपायची खोली.

तिथल्या डबीची खबर अजून आलीच नव्हती. ती त्यानंतर आली.

भावोजींनी जावईबापूंना फोन लावला. "पान किती ठिकाणी उघडलंय?"

"एकाच. का हो?"

"नाव null येतंय."

"मग कुणीतरी ती फाईल आपल्या कॉम्प्युटरवरून थेट उघडली असेल. तुम्ही चांदणी टाकलीत ना? धोक्याचं असतं दादा ते. कुणीही येतं."

सवाल कुठल्या जोडणीवरून येतोय ते भावोजींनी बघितलं. बाहेरून नव्हताच. घरातूनच येत होता.

घरात तिसरा कॉम्प्युटर नव्हता. होता तो बाबांच्या खोलीत, जुना.

"किल्ली दे," भावोजी म्हणाले.

आईंनी किल्ली दिली. 'कशाला' असं विचारलं नाही.

कुलूप उघडलं. टेबल रिकामं. तो कॉम्प्युटर भंगारात देऊन वर्ष झालं होतं आणि देणारे भावोजीच होते. भिंतीतल्या प्लगमध्ये काही नव्हतं. खिडकी बंद, हवा कोंदट. खुर्ची तेवढी होती, तोंड दाराकडे.

समोरच्या घरातलं ड्रिल थांबलं.

आणि अगदी जवळ...

कुणीतरी घसा साफ केला.

भावोजी बाहेर आले. कुलूप लावलं. घाबरायला निवांतपणा लागतो आणि त्यांच्या डोक्यावर रविवार होता. ते टेबलापाशी बसले, चांदणी पुसली आणि तिथं एकच नाव लिहिलं, धाकटीच्या पानाचं. बाकी सगळ्यांना नकार. पुस्तकात लिहितात तसं, अगदी निर्दोष.

भावोजी निघाले तेव्हा आईंनी एवढंच विचारलं, "काही बंद केलंस का?"

"नीट केलं," भावोजी म्हणाले.

चार दिवस ठीक गेले. शनिवारी सकाळी धाकटीचा फोन. आवाज चिरकलेला.

"दादा, आई हलत नाहीये. कुठल्याच खोलीत नाही. फोनही उचलत नाही. मी म्हटलं होतं तुला! निघतेय मी!"

भावोजी पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून पळाले.

दार नुसतं लोटलेलं. स्वयंपाकघरात कुणी नाही. गॅसवर रिकामं पातेलं. झोपायच्या खोलीत कुणी नाही.

आई बोळात होत्या. बाबांच्या बंद दारासमोर स्टूल टाकून बसलेल्या. बोळात डबी नव्हती.

"आई! फोन का नाही उचललास?"

"हळू बोल. ऐकू येत नाही मग."

"काय?"

"तू त्या डब्या बसवल्यास तेव्हापासून हे खाकरतायत. नुसते खाकरायचे नि गप्प. म्हटलं, भास. तुला सांगितलं असतं तर धाकटीनं उचलून नेलं असतं मला, म्हातारी भ्रमिष्ट झाली म्हणून. मंगळवारी पहिल्यांदा पुरतं बोलले. आहेस ना म्हणाले. मी म्हटलं, आहे हो, जाते कुठं." आईंनी दाराकडे बघितलं. "तू गेलास आणि परत नुसतं खाकरणं. आज पहाटेपासून तर थांबतच नाहीत. मी विचारा, विचारा म्हणतेय. बोलत नाहीत. माणसानं खाकरून गप्प बसावं का रे? जीव टांगणीला लागतो."

भावोजींनी लॅपटॉप उघडला.

null. विचारू का? नकार.

null. विचारू का? नकार.

पडदा वर सरकवावा तितकं तेच. एकाही ठिकाणी पुढचा सवाल नाही. नकार मिळाल्यावर बाबांनी जन्मात कुणाला काही विचारलं नव्हतं.

जावईबापू फोनवर होते. "अहो, नुसत्या null ला होकार द्या हवं तर. पण null म्हणजे कुणीही दादा. त्याला चेहरा नसतो."

भावोजींनी यादी पुसली आणि चांदणी टाकली.

विचारू का? होकार.

आईंनी मान वर केली. भावोजींना काही ऐकू आलं नाही.

"आहे हो," आई वैतागून म्हणाल्या. "सकाळपासून उपाशी बसवलंत. आहे!"

आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या.

"हिरवं झालं!" धाकटी रडत होती. "दादा, हिरवं झालं!"

गाडी अर्ध्या वाटेतून परत फिरली. रविवारी कुणी आलं नाही. आई घरातच राहिल्या.

इथं संपलं असतं तर मी ही गोष्ट कौतुकानं सांगितली असती.

पुढच्या आठवड्यात भावोजी आपल्या घरी, दुपारी, ऑफिसचं काम करत बसले होते. सहज म्हणून त्यांनी आईकडच्या ओळी बघितल्या. विचारू का, होकार, स्वयंपाकघर. विचारू का, होकार, व्हरांडा. सगळं सुरळीत.

मध्येच एक ओळ वेगळी होती.

null. पण आधी 'विचारू का?' नव्हतं.

थेट सवाल होता.

आणि विचारलेली खोली आईच्या घरातली नव्हती. त्या जागी भावोजींचं नाव होतं. अशी खोली प्रोग्रामला माहीत नाही. उत्तर 'सापडत नाही' असं जायला हवं होतं.

उत्तर गेलं होतं. कंस जागच्या जागी, आकड्याच्या जागी आकडा. भावोजी म्हणतात, इतका शुद्ध जेसन त्यांच्या हातून कधी झाला नाही.

हालचाल, नाही. तापमान, सदतीस.

ते पडद्याकडे बघत स्तब्ध बसले होते. त्यांनी हळूच एक हात वर केला...

नवी ओळ आली.

हालचाल, आहे.

त्यांच्या घरात एकही डबी नाही.

चांदणी अजून तशीच आहे. पुसली तर आई परत त्या स्टुलावर जाऊन बसतील. आणि यादीत एकाला होकार, दुसऱ्याला नकार असं करता येत नाही, कारण दोघांच्या नावापुढं तेच लिहिलेलं येतं. काही नाही.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. गप्पा मारता मारता ते मध्येच थांबतात, अवघडून बसतात आणि मग बोटं थोडी हलवतात. मी म्हटलं, भावोजी, बाबाच असतील हो तेही. कशाला मनाला लावून घेता?

"बाबा नाहीत," ते म्हणाले. "बाबा आधी विचारायचे."