ओकचा अडसर

वरच्या कुरणावरची दगडी खोपी उघडी असते का, असं विचारलंत म्हणून सांगतो. उघडी असते. कुलूप तिला कधीच नव्हतं. बाहेरून ओकचा अडसर असतो, तो उचलायचा, आत जायचं, निघताना पुन्हा घालायचा, म्हणजे गुरं आत शिरून घाण करत नाहीत. उद्या कुत्रा घेऊन वर जाणार आहात ना? मग सफरचंदाच्या सिद्राचा पेला खाली ठेवा आणि नीट ऐका. ही गोष्ट माझ्या चुलतभावाची, सेल्सोची आहे. ऐकीव नाही. शेवटाला मी स्वतः तिथं होतो.

सेल्सोची बायको गेली, गुडघे गेले, मग त्यानं गाईही विकल्या. खाली समुद्राकाठी, हिखोन शहरात राहणारी त्याची मुलगी एलोइना दर रविवारी फोनवर एकच पालुपद लावायची, की बाबा, आता इकडं या. शेवटी तो तयार झाला. तर तिनं आणखी एक हट्ट धरला. वर खोपीत चीज करायची तांब्याची कढई होती, सेल्सोच्या आजीच्या वेळची. ती तिला हवी होती. कशाला, तर बाल्कनीत फुलझाड लावायला! सेल्सो आठवडाभर धुसफुसला, पण लेकीपुढं कोणाचं चाललंय?

नोव्हेंबरची पहिली तारीख होती, म्हणजे दुसऱ्या दिवशी मृतांचा दिवस. त्यानं दुपारी घराला कुलूप घातलं, तिसोनला हाक मारली आणि निघाला. तिसोन म्हणजे त्याचा काळा कुत्रा, उंचीला वासराएवढा, स्वभावानं मेंढी. वाटेत शेजारीण लुदिविना अंगणात अक्रोड वाळवत होती. ती म्हणाली, "म्हाताऱ्या, आजच्या दिवशी वर कशाला मरायला चाललास? आज रात्री वरचे लोक खाली येतात, खालचे वर जात नाहीत." तो म्हणाला, अंधार पडायच्या आत परततो आणि पहाटेच्या गाडीनं हिखोन गाठतो. आता गंमत बघा. लुदिविनाच्या डोक्यात बसलं की हा उद्या हिखोनला. आणि एलोइनाला त्यानं फोनवर सांगितलेलं की मृतांच्या दिवसाची प्रार्थना गावातच करून आठवडाअखेर येतो. म्हणजे वर काही बरंवाईट झालं असतं, तर इकडचे म्हणाले असते तिकडं आहे आणि तिकडचे म्हणाले असते इकडं आहे. हे त्याच्या लक्षात आलं, पण फार उशिरा.

चढण त्यानं रमतगमत केली. गुडघे कुरकुरत होते, पण मन हलकं होतं. वर पोचून कढई घासली, दोरीनं पाठीशी बांधायची सोय केली, बाहेर आला तर बोरीना उतरलेली. आमच्याकडच्या या धुक्याला दुसरं नाव देऊन चालत नाही. आपला हात आपल्याला परका वाटतो. त्या चुनखडीच्या डोंगरात विहिरीएवढी भोकं आहेत, गवतानं झाकलेली. बोरीनात तिथं चालणारा एकतर परगावचा असतो नाहीतर मेलेला. सेल्सो निमूट मागं फिरला. आत चूल पेटवली, मक्याची भाकरी आणि चोरीसो सॉसेजचा तुकडा कुत्र्याबरोबर वाटून खाल्ला. लाकडं थोडीच होती. बाकीचा ढीग आणि कुऱ्हाड बाहेर, वळचणीखाली. सकाळी बघू म्हणून त्यानं दार ओढून घेतलं.

आता आमच्या डोंगरातली एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. रात्री खोपीपाशी कोणी आला, तर तो बाहेरूनच विचारतो, "माणूस आहे का आत?" आतल्यानं म्हणायचं, "आहे, आणि जागाही आहे." मग आत दहा जण कोंबलेले का असेनात. हे उत्तर पूर्णच द्यायचं. उत्तर आलं नाही, तर खोपी रिकामी समजायची. आणि दुसरी रीत तुमच्या आज्यांनीही सांगितली असेल. मृतांच्या रात्री चूल पेटती ठेवायची, भाकरी ठेवायची, आणि जो कोणी ऊब घ्यायला येईल त्याच्याशी बोलायचं नाही.

या दोन रीती एकाच रात्री, एकाच दारात समोरासमोर येतील, हे कोणाच्या ध्यानात येणार?

सेल्सोचा डोळा लागला होता. तिसोन उठून बसला, म्हणून तो जागा झाला. कुत्रा भुंकला नाही. शेपटी हलवत होता. दाराकडं बघून.

बाहेर खडीचं आवार आहे. मांजर चाललं तरी वाजतं. काही वाजलं नव्हतं.

"माणूस आहे का आत?"

दमलेला आवाज होता. सभ्य. मी नंतर त्याला विचारलं, ओळखीचा होता का रे? तो माझ्याकडं न बघता पेला फिरवत राहिला. मग मी पुन्हा विचारलं नाही.

सेल्सोनं तिसोनचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि श्वास रोखला. आजीनं सांगितलेलं, बोलायचं नाही. तो बोलला नाही.

बाहेरचा थोडा थांबला. मग… लाकूड लाकडावर घासल्याचा आवाज. अडसर घातला गेला. त्याची काय चूक? उत्तर आलं नाही, खोपी रिकामी, रिकाम्या खोपीत एकट्यानं कोण थांबतो, मग गुरं शिरू नयेत म्हणून दार लावायचं. चांगल्या माणसानं करायचं तेच त्यानं केलं.

सेल्सो ओरडला, "अहो, थांबा, मी आहे आत, सेल्सो!" दारावर मुठी आपटल्या. खांदा मारला. दार हललं नाही. ते त्यानंच मागच्या वर्षी नवं केलं होतं, तीन बोटं जाड, आणि गावभर मिरवलं होतं की बैल धडकला तरी निघणार नाही. आपल्या हातच्या कामाची अशी पावती कोणाला मिळू नये. खिडकी हाताच्या पंजाएवढी. छप्पर दगडी फरश्यांचं. कुऱ्हाड बाहेर. मोबाइल वर कधी लागलाच नव्हता. आणि खिडकीतून हात काढला, तर तळव्यावर बर्फ पडलं.

तेव्हा त्याला लुदिविना आठवली आणि एलोइना आठवली. इकडं आणि तिकडं. बर्फ बसलं की जूनपर्यंत वर कोणी येत नाही. तो मटकन खाली बसला आणि रडला. बासष्ट वर्षांचा माणूस, कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून रडला. मला सांगताना त्याला लाज वाटली नाही, मग मला सांगताना का वाटावी?

शेवटचं लाकूड जळत आलं. भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटायला लागल्या. धूर, कुत्र्याचा वास, आणि दार. फक्त दार.

"माणूस आहे का आत?"

या वेळी आवाज खालून आला. उंबऱ्याच्या फटीतून. कोणी वाकून विचारावं तसा.

तिसोनची शेपटी हलली.

"आहे," सेल्सो म्हणाला.

काही नाही.

"आहे! दार उघडा."

काही नाही… पण गेलाही नव्हता. सेल्सोला ते कळत होतं. दाराच्या पलीकडं कोणीतरी उरलेल्या उत्तराची वाट बघत होतं. अर्ध्या उत्तरावर आमच्याकडं कोणी पाय आत ठेवत नाही.

उरलेले शब्द त्याला ठाऊक होते. शेकडो वेळा म्हटलेले. न म्हणावं तर जून. म्हणावं तर…

"आणि… जागाही आहे."

अडसर उचलला गेला. दार उघडलं. धुकं. थोडं बर्फ. कोणी नाही.

मग दार हळूच ओढून घेतलं गेलं. आतून.

तिसोन चुलीपुढची ऊबेची जागा सोडून उठला. दोन पावलं सरकला. सेल्सोच्या पायाशी बसला. त्याचे कान त्या मोकळ्या जागेकडं वळले, आणि तिथंच राहिले.

सेल्सोनं मान वर केली नाही. राहिलेल्या भाकरीतली अर्धी मोडून पलीकडं सरकवली. रात्रभर ते तसेच बसले. तिघं.

पहाटे दार उघडं होतं. भाकरी तिथंच होती. सेल्सोनं कढईला हातही लावला नाही. बाहेर आला, आणि सवयीनं अडसर उचलला. अडसर घालायचा तो शेवटी निघणाऱ्यानं, आत कोणी उरलं नसेल तर. त्यानं आत बघितलं. कोणी नव्हतं. पण गप्प राहिलेली खोपी रिकामी नसते, हे आता त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? त्यानं अडसर भिंतीला टेकवून ठेवला, दार सताड उघडं सोडलं, आणि बर्फातून पडत-धडपडत खाली आला. हिखोनला गेला.

जूनच्या सुरुवातीला एलोइनानं पुन्हा कढईचा धोशा लावला. सेल्सो माझ्याकडं आला, म्हणाला, चल, एकट्यानं नाही जाणार. मी गेलो. त्या वर्षी आमच्याआधी वर कोणी चढलं नव्हतं. खिंडीतलं बर्फ अखंड होतं, त्यावर खुराचा ठसा नाही, बुटाचा नाही. तिसोन पुढं धावत होता. खोपी दिसली आणि तो थांबला.

दार बंद होतं. अडसर घातलेला होता.

मी म्हटलं, वाऱ्यानं बंद झालं असेल. वारा दार लावतो रे, सेल्सो म्हणाला, अडसर नाही घालत. त्यानं टोपी काढली. दारापुढं उभा राहून विचारलं, "माणूस आहे का आत?" थांबला. पुन्हा विचारलं. आतून काही आलं नाही. मग अडसर मी उचलला.

कढई होती तिथंच होती. राख थंड, बर्फाळ. आणि चुलीच्या अलीकडं, आपण पाहुण्याला घालून देतो तशी, नेच्याच्या पानांची दोन अंथरुणं घातलेली होती. पानं हिरवीगार. मी बसून हात लावला, कापलेल्या देठांच्या तोंडाशी अजून पाणी होतं. वर त्या कुरणात नेच्याला कोंबही फुटला नव्हता.

एक अंथरूण लांब होतं, सेल्सोच्या उंचीचं. त्याच्या पायथ्याशी दुसरं. लहान, गोल, कुत्र्यापुरतं.