केसरची न्हाणी

बसा हो, लाईट येईल इतक्यात. शेजारची ठमीआजी सांगत होती, तुम्ही तुमच्या घराचं बाथरूम स्वतःच करायला घेताय. करा, जरूर करा. फक्त आधी माझं ऐकून घ्या, मग पहार उचला.

माझी बायको प्रांजली बाळंतपणाला माहेरी गेली होती, रोह्याला. मुलगी झाली. पण पोर अगदी अशक्त, आणि प्रांजलीला दूधच पुरेसं येईना. डॉक्टर म्हणाले, वजन वाढलं नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल. माझा जीव टांगणीला लागला होता. इथं नागावात बसून मी करणार काय? म्हटलं, दोघी घरी यायच्या आत निदान न्हाणी तरी नीट करू.

हे घर आम्ही बाबाजी नावाच्या एका म्हाताऱ्याकडून विकत घेतलेलं. बाकी सगळं ठीक, पण न्हाणी? अरारारा! भिंतीला शेवाळ, मोरी तुंबलेली, आणि मधोमध अंघोळीला बसायचा काळा दगड, अर्धी जागा अडवून. गवंड्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी म्हटलं, बाबा रे, न्हाणी करतोयस की राजवाडा? न्हावा-शेव्याच्या बंदरात कंटेनर हलवणारा माणूस मी, मला एक दगड हलणार नाही होय? सुट्टी टाकली, मोबाईलवर व्हिडिओ बघितले, अलिबागच्या दुकानातून उरल्यासुरल्या टाईल्स स्वस्तात उचलल्या. एकीचा रंग दुसरीला नाही. असू देत.

दगड उपटला तर खाली मातीचं छोटं मडकं. तोंडाला फडकं बांधलेलं. कुंपणापलीकडून शेजारची ठमीआजी बघत होती. तिचा चेहराच उतरला.

"दगड काढलास? आरं, त्या मडक्यात वार हाय. केसरची. बाबाजीच्या बायकोची."

पूर्वी घरातच बाळंतपण झालं की बाळामागून पडणारी वार न्हाणीच्या दगडाखाली पुरायचे आणि त्यावर बसून बाळंतीण न्हायची, हे मीही ऐकलेलं होतं.

"पाचवी पुजायच्या आतच तिचं पोर गेलं," आजी हळूच म्हणाली. "तरी रोज सकाळी दगडावर बसून त्याला न्हाऊ घालायची... म्होरं पोर न्हाय, काय न्हाय. मग ती बी गेली. दगड होता तिथं ठेव, रत्नपाल."

आमच्या आईनं जन्मात कधी अंगारा लावला नाही की मला लावू दिला नाही. मी कशाला ऐकतोय! मडकं नारळाच्या आळ्यात पुरलं. दगड घणानं फोडला आणि त्याच न्हाणीत भराव म्हणून घातला. फुकटची खडी! वर सिमेंट, त्यावर टाईल्स. माझ्यावर मीच खूश.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडवीत भिंतीसाठी टाईल कापत होतो. आत पाणी ओतल्याचा आवाज आला. तांब्यानं, सावकाश, थांबून थांबून. नळ अजून जोडलासुद्धा नव्हता. आत गेलो तर फरशी कोरडी. पण मधल्या टाईल्स कोमट लागत होत्या, नुकतंच कुणी बसून उठल्यासारख्या. आणि बाळंतिणीच्या खोलीत येतो तो वास. ओव्याची धुरी, तेल, आणि त्याच्याखाली काहीतरी आंबूस. खोटं कशाला सांगू, टरकलो. पण सांगणार कुणाला? जिचं ऐकलं नाही त्या आजीला?

प्रांजली मुलीला घेऊन आली. "अहो, टाईल्सचा एकमेकींशी काही संबंधच नाही," म्हणून हसली. कितीतरी दिवसांनी हसली ती. आवाजाचं मी तिला सांगितलं नाही.

सकाळी मी अंगणात चुलीवर पाणी तापवत होतो, ती स्वयंपाकघरात बाटलीत दुधाची पावडर कालवत होती. मुलगी पाळण्यात रडत होती, तिचं ते मांजराच्या पिल्लासारखं बारीक रडणं. ते एकदम थांबलं. मग न्हाणीतून पाणी ओतल्याचा आवाज आला... तांब्यानं... थांबून थांबून.

पाळणा रिकामा होता.

धावत जाऊन मी दार ढकललं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या पाय पसरून बसतात आणि बाळाला नडग्यांवर पालथं घालून न्हाऊ घालतात, बघितलंय ना तुम्ही? आमची मुलगी तश्शीच पालथी होती. पण खाली पाय नव्हते. फरशी आणि तिचं पोट यांच्यामध्ये मोकळी जागा होती, माझा हात सहज गेला असता. अंगावरचं पाणी त्या मोकळ्या जागेत कशावर तरी अडत होतं आणि दोन्ही बाजूंनी ओघळत होतं.

हात पुढे केले... मला तिला उचलावं लागलं नाही हो. ती माझ्या हातात दिली गेली.

प्रांजलीनं तिला छातीशी धरलं. पोरीनं तोंड फिरवलं. पोट टम्म होतं. ओठाच्या कडेनं दूध ओघळलं, चांगलं घट्ट दूध.

"तुम्ही पाजलंत?" प्रांजलीनं विचारलं.

"नाही."

"मग हे..."

बाटली तिच्या हातात भरलेलीच होती.

मी घण उचलला. सगळी फरशी त्याच क्षणी उखडणार होतो. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. म्हणाली, "थांबा. आधी वजन करून येऊ."

वजन वाढलं होतं.

आता मुलगी चांगली गुटगुटीत झालीये. डॉक्टर खूश आहेत. पावडरचा डबा कपाटात पडून आहे. प्रांजली रोज सकाळी मुलीला न्हाणीत ठेवते, दार ओढून घेते आणि बाहेर पाटावर बसून राहते. आत बघायचं नाही, असं तिनं मला बजावलंय. मी बाप आहे, मला हे बघवत नाही, पण पोरीचे भरलेले गाल बघितले की प्रांजलीला अडवत नाही.

काल मात्र दार उघडेना. दाराला आतून कडी नाही, मीच बसवलंय ते. आम्ही दोघांनी मिळून जोर लावला, तेव्हा कुठं उघडलं. मुलगी मात्र या वेळी माझ्या हातात दिली गेली नाही, ओढून घ्यावी लागली.