कळवतो म्हणून गेलेला

केतकीला राग यायला वेळ लागत नसे, जायला लागत असे. चैत्रात आलेला राग श्रावणातही तसाच्या तसा ताजा होता. आणि त्या संध्याकाळी सिल्वासाजवळच्या अथालच्या नाक्यावर, शेअर रिक्षात, तो सरळ तिच्या शेजारीच येऊन बसला.

राग नव्हे, मुलगा. ज्याच्यामुळे तो आला होता तो.

पाऊस तिरपा मारत होता. मुलाने तिच्या बाजूचा प्लास्टिकचा पडदा ओढून खाली घेतला, त्या खटपटीत स्वतःची बाही भिजवून घेतली आणि "सॉरी हं, तुमची बॅग..." असं काहीतरी पुटपुटत तिच्याकडे पाहिलं. अगदी नीट पाहिलं. आणि ओळखलं नाही.

केतकीने मात्र त्याला रिक्षात चढतानाच ओळखलं होतं. हर्षल. प्लास्टिकच्या कारखान्यात शिफ्ट इंजिनियर. चैत्रात आपली आई आणि मामा यांना घेऊन तिला 'बघायला' आला होता. आमलीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत, नव्या चादरीवर बसून, सगळा वेळ चहाच्या कपाशी बोलल्यासारखा मान खाली घालून होता. तिनेही चष्मा काढला होता, आईने बळेच पोपटी साडी गुंडाळली होती, केसांत गजरा. आज चष्मा होता, केस वर बांधलेले, आणि अंगाला सूत कारखान्याच्या लॅबचा वास. एवढ्यावर माणूस ओळखू येत नसेल, तर त्याने बघितलं काय होतं?

निघताना मामा दारात म्हणाले होते, "कळवतो."

हा शब्द ज्याने काढला त्याला केतकीने उन्हात उभं केलं असतं. धुळ्या-जळगावहून इकडे कारखान्यांत आलेल्या त्यांच्या लोकांत 'नाही' कुणी म्हणत नाही. नाही म्हणणं म्हणजे वाईटपणा. म्हणून कळवतो. मग कळवायचं नाही. मुलीकडच्यांनी विचारायचं नाही, कारण विचारलं तर मुलगी जड झाली असं दिसतं. तिचे पप्पा, विश्वनाथ, मशीनपुढे भल्याभल्यांना गप्प करणारे फिटर, पण त्यांनीही त्यानंतर आलेलं एक चांगलं स्थळ 'एकीकडे शब्द अडकलाय' म्हणून परत पाठवलं होतं. आई अजून फोन वाजला की पदराला हात पुसत धावायची. आणि शब्द अडकवणारा इथे बसून पडदा धरत होता.

तेवढ्यात तिला त्याच्या बॅगेला लटकणारी इवलीशी पिवळी छत्री दिसली, ती बघायची त्या जपानी ॲनिमे सिरीजमधल्यासारखी.

"ही..." न राहवून ती म्हणाली, "'सहा छत्र्यांचं घर'मधली ना?"

त्याचा चेहरा असा उजळला की केतकीला आणखीनच राग आला.

"तुम्ही बघता? अख्ख्या सिल्वासात मी एकटाच आहे असं वाटायचं मला."

"काय आवडतं त्यात तुम्हाला?" ती तोंडी परीक्षा घेतात तशी म्हणाली.

"हिरो. घरात पाच मुली भाड्याने राहतात, पाचही जणींना तो आवडतो, पण गडी कुणालाच दुखवत नाही. किती साधा आहे ना..."

"साधा? मठ्ठ म्हणतात त्याला. सगळ्या हॅरम सिरीजमध्ये तोच असतो. एक मठ्ठ मुलगा, भोवती पाच जणी. कुणी घसरून अंगावर पडते, कुणी डबा आणते, आणि हा चोवीस भाग 'अं? काय म्हणालीस?' करत फिरतो. कुणाला नाही म्हणायचं नाही, हो म्हणायचं नाही. सगळ्यांना टांगून ठेवायचं. का, तर एकीला नाही म्हटलं की तिच्याकडचे प्रेक्षक तुटतील." तिचा आवाज चढला तसा रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "ही सिरीज त्याच जातीची असून चांगली निघाली ती नवव्या भागामुळे. झोपला होतात का नवव्या भागाला?"

"नववा म्हणजे... ओट्यावर छत्र्या वाळत घालतात तो?" तो कान चोळत म्हणाला. "खरं सांगू? फार रडका वाटला. मी पुढे ढकलला."

"पुढे ढकलला," केतकी म्हणाली. "वाटलंच होतं."

आमली आली. उतरताना तो म्हणाला, "बघून सांगतो." तिला वाटलं, हाही एक 'कळवतो'च. पण दुसऱ्या दिवशी तो त्याच नाक्यावर, त्याच वेळी उभा होता, आणि रिक्षाची ओली सीट स्वतःच्या रुमालाने पुसून वाट बघत होता.

"नवव्यात हिरो दार लावून बाहेर येतो," तिने बूड टेकायच्या आत हर्षलने सुरुवात केली, "आणि कॅमेरा बाहेर येतच नाही."

"हं."

"त्या पिवळ्या छत्रीवालीला नाही म्हणून तो जातो, आणि आपण तिच्यापाशीच बसून राहतो. ती समोरचं सूप पिते. गार झालेलं. अख्खा वाडगा. मला वाटलं, माझं नेटच अडकलं."

केतकीला हसू आलं. ते तिने पडद्याकडे तोंड करून गिळलं.

"तेच तर," ती म्हणाली. "बाकी सिरीजमध्ये मुलगी नको झाली की चित्रातून बाहेर. जणू ती त्याच्यासाठीच जन्माला आली होती. ही आधीही माणूस असते आणि नंतरही राहते. शेवटच्या भागापर्यंत ती त्याच्याशी धड बोलत नाही. आणि तिला कुणी समजावायला जात नाही. रागावू देतात तिला. म्हणून मग त्याने जिला हो म्हटलं, त्या होला किंमत येते. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचं हो घेऊन काय लोणचं घालायचं?"

"तुम्ही फार चिडता," तो म्हणाला.

"मग?"

"काही नाही... छान चिडता."

असं सुरू झालं. आमलीच्या चौकात सेवखमणीची, म्हणजे कुस्करलेल्या ढोकळ्यावर शेव घालून देणारी, गाडी होती. पाऊस वाढला की दोघं तिच्या ताडपत्रीखाली उभी राहायची. तो तिच्या कागदी बशीत आपल्यातले डाळिंबाचे दाणे सरकवायचा आणि 'चुकून पडले' म्हणायचा. ती चष्म्यावरचे थेंब ओढणीने पुसायची, आणि ते पुसून होईपर्यंत तो इकडेतिकडे न बघता तिच्याकडेच बघायचा, तिला दिसत नसणार या भरवशावर. तिला दिसायचं. एवढंही अंधुक नव्हतं.

रोज घरून निघताना ती ठरवायची, आज याच्या तोंडावर सांगायचं, तू कोण आहेस आणि काय केलंस ते. आणि रोज संध्याकाळी वाटायचं, उद्या सांगू. आपणही आता मामांसारखंच करतोय हे लक्षात आल्यावर तिला स्वतःचाही राग आला. रागाला तिच्याकडे जागेची कधी कमतरता नव्हती.

मग गौरी-गणपतीचे दिवस आले. चौकात मांडव, ढोलाचा आवाज, आणि त्या गलक्यात तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "एक सांगू? घरचे मुली दाखवतात. पाच झाल्या. मला त्यातलं कुणी... म्हणजे, मला तुम्ही आवडता, केतकी."

ढोल नेमका त्याच वेळी थांबला. गाडीवाल्यानेही ऐकलं.

केतकीला ते आवडलं, आणि त्याच्यामागोमाग चैत्रापासूनचं सगळं वर आलं.

"त्या पाच जणींना काय सांगितलंस?"

पहिल्यांदाच ती 'तू' म्हणाली होती. तो सुखावला, बिचारा. "ते मामा बघतात."

"मामा बघतात. आणि तू काय बघतोस? चैत्रात आमलीत एका घरी गेला होतास. पोपटी साडी. चष्मा नव्हता. नाव मात्र हेच होतं. चिवड्याची बशी पुढे केली तर म्हणालास, 'राहू द्या, तिखट असेल.' आठवतंय?"

हर्षलच्या हातातली बशी तिरपी झाली. सेव खाली सांडली.

"तू..."

"मी. तुमच्या 'कळवतो'पायी पप्पांनी दुसरं स्थळ परत पाठवलं, अजून वाट बघतात. आणि तुम्ही सगळे गेल्यावर तो चिवडा मी बसून खाल्ला. अख्खा. तिखट नव्हता. समोर कॅमेरा नव्हता एवढंच."

ती भर पावसात चालत घरी गेली. त्याने हाक मारली नाही. मारली असती तरी ती थांबली नसती, पण मारली नाही याचाही तिने राग धरला.

पुढे कितीतरी संध्याकाळी तो नाक्यावर नव्हता. केतकी रिक्षात कोपऱ्यात बसायची, पडदा स्वतः ओढायची, आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहून दात खायची. पळाला. असाच पळणार होता. लॅबमध्ये तिने एका शिकाऊ पोरीला उगाच झापलं आणि मग तिला कँटीनमध्ये नेऊन चहा पाजला. घरी आईने विचारलं, "काय वं माय, बरं नाही का?" तर ती आईवरही खेकसली.

एके दिवशी तो आला. दाढी वाढलेली, चपला चिखलाने भरलेल्या.

"मी गेलो होतो," तो म्हणाला. "सगळ्यांकडे. एकटा."

"कुणाकडे?"

"त्या चौघींकडे. सांगायला. नववा भाग बघून..."

"तू खरंच वेडा आहेस," केतकी ओरडली. "सहा महिन्यांनी? घरी जाऊन? सिरीज बघून कुणी असं करतं का?"

"शीतलच्या घरी तिच्या आईने तेच विचारलं. म्हणाल्या, 'बाबा, ती श्रावणात कानबाईच्या सणाला जावयासकट येऊन गेली, आता तू काय सांगायला आलास?' मी म्हटलं, नाही सांगायला आलो. त्या म्हणाल्या, चहा घे आणि जा." तो हसला नाही. "दुसऱ्या घरी दार उघडलंच नाही. तिसरीकडे चंदा म्हणाली, 'मी तेव्हाच नाही म्हणणार होते, पण मला विचारलंय कुणी?' आणि गौरी..."

"गौरीचं काय?"

"तिचे वडील अजून वाट बघत होते. तुझ्या पप्पांसारखेच. दोन स्थळं परत पाठवली म्हणे. मी माफी मागितली. ती मला म्हणाली, 'तुमचं ओझं उतरलं ना? आता निघा.'" त्याने मान खाली घातली. "बरोबर बोलली. मला वाटलं होतं, सांगितलं की चांगलं वाटेल. नाही वाटलं."

त्याने स्वतःला हिरो केलं असतं तर केतकीला सोपं गेलं असतं.

"आता एकच घर राहिलंय," तो म्हणाला. "रविवारी येतो. मामा नाही, आई नाही. आईला सांगितलंय मी, ती भांडली माझ्याशी. तरी येतो."

"चिवडा मिळणार नाही," केतकी म्हणाली.

रविवारी तो आला तेव्हा पप्पा बनियनवरच होते. त्याला बघून त्यांनी शर्ट घातला नाही. यावरूनच केतकीला त्यांच्या मनातलं कळलं. हर्षल त्याच जागी बसला, पण या वेळी कपाकडे न बघता.

"काका, चैत्रात मी कळवतो म्हणून गेलो आणि कळवलं नाही. मामांवर ढकलत नाही. चूक माझी. तुमचं दुसरं स्थळ माझ्यामुळे गेलं. तुम्ही बोला मला."

पप्पा बोलले. चांगले बोलले. खान्देशी शिव्यांतल्या घरात चालण्याजोग्या तेवढ्या सगळ्या वापरल्या. हर्षलने ऐकून घेतलं. आई मध्येच "अहो, पुरे" म्हणाली आणि पुन्हा, "बरं, बोला" म्हणाली.

मग तो केतकीकडे वळला. कानापर्यंत लाल झाला होता. "आणि मी नाही म्हणायला आलेलो नाही. माझं हो आहे. तुझं काय ते तू सांग. नाही असेल तर नाही सांग, मी ऐकून जाईन."

केतकीने चष्मा नाकावर नीट बसवला, त्याच्याकडे बघितलं, आणि सहा महिने दाताखाली धरलेला शब्द बाहेर काढला.

"कळवते."

"काय वं माय, हे काय बोलणं झालं?" आई म्हणाली. पप्पा छताकडे बघू लागले, पण त्यांच्या मिशा हलत होत्या.

हर्षल उठला. "बरं," एवढंच म्हणाला. त्याने दोघांना वाकून नमस्कार केला, ओल्या चपला घातल्या आणि जिना उतरून गेला. तक्रार नाही, लाडीगोडी नाही.

केतकी तिथेच बसून राहिली. समोर त्याचा कप होता, अर्धा भरलेला. असं काहीतरी करायचं तिने कितीतरी रात्री मनात ठरवलं होतं आणि त्यात तिला फार मजा वाटायची. आता तिला मजा वाटत नव्हती. नवव्या भागात कॅमेरा खोलीत राहतो. बाहेर गेलेला जिन्यात कसा उतरतो, ते कुणी दाखवत नाही. इतके दिवस तिला ते दाखवण्याची गरजही वाटली नव्हती.

ती उठून खिडकीशी गेली. खाली पावसात तो कुणाच्या तरी मागून आणलेल्या बाइकला किका मारत होता. गाडी सुरू होत नव्हती. त्याने वर बघितलं नाही.

हा शब्द कुणाला ऐकवू नये, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तो घेऊन त्याला फाटकापर्यंतही जाऊ द्यायचं नाही, असं तिने ठरवलं.

"हर्षल!"

त्याने वर पाहिलं. पाणी डोळ्यांत जात होतं.

"हो," ती म्हणाली.

"काय हो?"

"उत्तर. हो. कळवलं."

तो तसाच उभा राहिला, एक पाय किकवर. समोरच्या गॅलरीतल्या बाई दोरीवरचे कपडे काढायचं सोडून ऐकू लागल्या.

"पण राग गेलेला नाही माझा," केतकी ओरडली. "इतक्यात जाणारही नाही. तुझा, मामांचा, सगळ्यांचा. मी काही गोड होऊन खाली येणार नाही."

हर्षलने तोंडावरचं पाणी पुसलं आणि हसला.

"मग रागावलेलीच ये," तो म्हणाला. "चौकातली सेवखमणी संपेल."

ती दारामागची पप्पांची काळी छत्री घेऊन, आईच्या "अगं, ओढणी तरी..." कडे लक्ष न देता, दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेली.