सुरमईच्या कोठीतला संच

शीतनिद्रेतून उठताना आधी कान जागे होतात, डोळे बऱ्याच वेळाने. ‘आर्द्रा’ यानाची संगणकप्रमुख इरावती नाफडे हिला म्हणूनच आधी डॉक्टर सोनटक्क्यांचा आवाज ऐकू आला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. गुरूपर्यंतचा प्रवास अजून अर्धाही झाला नसावा.

“संगणक बिघडला ना? माझ्याशिवाय तुमचं पान हलत नाही,” ती पुटपुटली.

“बिघडला नाही. तापमानाच्या संहितासंचाकडून निरोप आलाय. वाचू?”

संहितासंच म्हणजे एकदा लिहून ठेवलेला, कोणीही आपल्या प्रोग्रॅमला जोडून घ्यावा असा तयार भाग. हा तर हर्णैच्या एका मासळीच्या शीतगृहासाठी मयेकर नावाच्या गृहस्थांनी लिहिलेला. यानासाठी तो इरावतीनेच निवडला होता आणि त्यावरून सहकाऱ्यांनी तिची यथेच्छ थट्टा केली होती.

डॉक्टर कक्षाचा क्रमांक गाळून वाचू लागले, “‘कक्षाचं तापमान वाचता आलं नाही. तापमापक उत्तर देत नाही. शेवटचं खरं वाचन तासाभरापूर्वीचं. आत्ताचं माहीत नाही. अंदाज केलेला नाही.’ मला एक कळत नाही, हा परस्पर झोपलेल्याला उठवत का नाही?”

“आपण कुठे बसवले गेलोय हे त्याला ठाऊकच नसतं, डॉक्टर. कोठीत सुरमई असेल तर बर्फ ओतायचा, माणूस असेल तर उठवायचं. ते वापरणाऱ्याने ठरवायचं. घाबरून सगळा प्रोग्रॅमही बंद पाडायचा नाही. बाकीचे कक्ष कोण सांभाळणार? काय बिघडलं, कुठे बिघडलं, एवढंच खरंखरं वर कळवायचं.” बोलता बोलता ती थबकली. शेजारच्याच कक्षात तिची नऊ वर्षांची जुई झोपली होती. “कुठे बिघडलं? डॉक्टर, कक्ष कुणाचा? जुईचा?”

“नाही. तुमचा.”

तिने स्वतःचा गार गाल चाचपला.

“उघडला तेव्हा तुमच्या पापण्यांवर बर्फ धरू लागला होता. अजून थोडा उशीर झाला असता तर...” डॉक्टरांनी वाक्य तिथेच सोडलं.

“आणि भिंतीवरचा तापमानाचा फलक?”

“तो अजूनही सगळं ठीक दाखवतोय.”

फलकाचा संच दुसऱ्या कोणाचा होता. वाचन मिळालं नाही की तो जुनाच आकडा पुन्हा दाखवायचा.

“म्हणजे मी सुरमई होता होता राहिले,” ती हसली आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. कधी न पाहिलेल्या त्या मयेकरांचे पाय धरावेत असं तिला वाटलं. कोठीतल्या मासळीच्या बाबतीतसुद्धा त्या माणसाने खोटा आकडा पुढे जाऊ दिला नव्हता.

नीट दिसू लागल्यावर ती भिंतीला धरत धरत जुईच्या कक्षापाशी गेली. फलकाकडे तिने पाहिलंही नाही. मयेकरांच्या संचाचे निरोप दाखवणारा छोटा पडदा कोरा होता. सगळं ठीक असलं की हा संच अवाक्षर काढत नसे, आणि निघण्यापूर्वी त्या गप्प पडद्याचीच तिला धास्ती वाटायची.

“काही निरोप?” मागून डॉक्टरांनी विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली. मग कोऱ्या पडद्याला हात जोडून ती लेकीच्या काचेला टेकून निवांत बसली.