दोनशे एकावं झाड

डिसेंबर एकसष्टच्या पहिल्या आठवड्यात दिग्रसच्या पोस्टमननं मन्सूरच्या हातात जाडजूड पाकीट ठेवलं, तेव्हा ते न फोडताच त्याला कळलं, आत लाल पेन्सिल असणार.

होतीच. सालईच्या झाडांची यंदाची मोजणी त्यानं पंधरा दिवसांमागे नागपूरला पाठवली होती. प्रोफेसर पुंडलिकरावांनी ती वही तशीच परत केली होती, पानोपानी लाल गोल काढून. सोबत चिठ्ठी: 'ही साठ झाडे आपण तीन वर्षांपूर्वी तोडली आहेत. तोडलेल्या झाडांची मापे तुम्ही कशी घेतलीत? शनिवारी येत आहे. तोवर फेरमोजणी करून ठेवा.'

"घ्या! आता हे उरलं होतं," मन्सूर म्हणाला आणि वही त्यानं अब्बांच्या शिलाई मशीनवर आपटली.

या भानगडीचं मूळ असं होतं, की कागद गिरणीला बांबू पुरेना. सालईचा कागद होतो असं कुणीसं सिद्ध केलं, पण किती तोडली म्हणजे जंगलही संपायचं नाही आणि कागदही थांबायचा नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते शोधायचं काम गिरणीनं कॉलेजाला दिलं. दोघांची सोयरीक झाली कागदावर, आणि संसार पडला मोजणीला हंगामी नेमलेल्या मन्सूरच्या पाठीवर. पुसद रस्त्याच्या आतल्या जंगलात दोनशे सालया निवडून त्यांना नंबरचे पत्र्याचे बिल्ले ठोकले. त्यातल्या साठ तोडून विरळणी केली. उरलेल्या एकशे चाळीस आता किती फुगतात, ते दर हिवाळ्यात छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून मोजायचं. गिरणीचे आकडे इंचात यायचे, प्रोफेसरांचा टेप आणि वही सेंटीमीटरात. गुणाकार कोणी करायचा? मन्सूरनं. झोपेतून उठवलं तरी तो कुठल्याही आकड्याला अडीच आणि वर चार शतांशांनी गुणून दाखवायचा. अर्ध्याच्या वर गेलं की पुढचा पूर्ण आकडा धरायचा, हा प्रोफेसरांचा नियम.

मापं घेणं तसं त्याच्या घराण्यातच होतं. अब्बा, निजामुद्दीन टेलर, तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकाला टेप लावायचे. आकडा सांगायचा असला की आधी टाचण्या तळहातावर काढायचे, मग बोलायचे. मशीनवर बसलेली बहीण हलीमा मान वर न करता तोच आकडा म्हणायची, 'हौ' म्हणायची आणि खडूनं पाटीवर लिहायची. चुकायची सोयच नव्हती. मन्सूरनं हीच रीत जंगलात नेली होती.

"भाईजान, शनिवारी ते आले अन् बिघडलं, तर रौशनच्या घरी काय सांगायचं?" हलीमानं विचारलं.

तेच तर दुखणं होतं. पुसदच्या रौशनचा बाप गोड बोलून चार वर्षं एकच म्हणत होता, 'नोकरी कायम होऊ द्या, दुसऱ्या दिवशी निकाह लावू.' आणि कायम करणार होते प्रोफेसर आणि गिरणीचे साहेब, दोघांनी मिळून, या शनिवारी.

सकाळच्या एसटीनं तो निघाला, मैलाच्या दगडाशी उतरला आणि दोन मैल पायी गेला तो वाटेतल्या प्रत्येक झाडाला शिव्या देत. तांड्यावर भावसिंग दाढी करत बसला होता. हा त्याचा टेप धरणारा, पन्नाशीचा बंजारा, आवाज असा की ओढ्यापलीकडच्या म्हशी वळाव्यात.

"भाऊ, तोडलेल्या झाडाची मापं काहून सांगितली तुमी मले?"

"मी?" भावसिंगचा वस्तरा थांबला. "मी कायले तुटल्या झाडाले टेप लावू? भांग पिऊन येतो का मी?"

"एक्केचाळीस नंबर, ब्याऐंशी. मी लिहिलं ना!"

"मंग तुमाले सपन पडलं असंल. एक्केचाळीसचा बिल्ला तो पाहा." भावसिंगनं वस्तऱ्यानंच दाखवलं. तोडलेल्या साठ झाडांचे बिल्ले त्याच्या बायकोनं, धुरपताबाईनं, तारेत ओवून ज्वारीवर बांधले होते. पाखरं हाकायला. वारा सुटला की खुळखुळत.

"त्या प्रोफेसरले सांगा," धुरपताबाई घरातून म्हणाली, "झाडाचं तर काहीच कामी नाही पडलं, बिल्ले तेवढे पडले."

मन्सूरला हसू आलं नाही.

मोजणीची जागा म्हणजे उताराचा माळ. मधोमध एक सपाट काळा खडक होता, त्यावर मन्सूर वही घेऊन बसायचा. भावसिंग झाडाझाडाला जाऊन नंबर आणि घेर ओरडायचा. मन्सूर तो परत म्हणायचा, शेवटी 'हौ' जोडायचा आणि लिहायचा. गवत पुरुषभर, म्हणून भावसिंग दिसायचा कमी आणि ऐकू यायचा जास्त. आणि खरं सांगायचं तर मन्सूर कधी मान वर करायचाच नाही. हलीमा तरी कुठं करायची?

आज मात्र त्यानं ठरवलं होतं, पाहत राहायचं.

सदतीस झालं. अडतीस, एकोणचाळीस झाली. सालयांच्या सालींचे पापुद्रे उन्हात कागदासारखे फडफडत होते. चाळीस झालं, सत्त्याहत्तर. मन्सूरनं लिहिलं. भावसिंग चाळीस नंबरच्या बुंध्याला टेकून, जोडा काढून, पायातला काटा उपटत होता. दातांत टेप होता.

"एक्केचाळीस. त्र्याऐंशी," भावसिंगचा आवाज आला. जरा वरच्या अंगानं.

"एक्केचाळीस. त्र्याऐंशी. हौ," मन्सूर म्हणून गेला. चार वर्षांची सवय.

मग त्याचं लक्ष भावसिंगच्या दातांतल्या टेपकडं गेलं.

भावसिंगनं टेप काढला. काटा तसाच ठेवून, एका पायात जोडा घालून, तो हळूहळू खडकापाशी आला आणि बसला.

"आयकलं का तुमी?" मन्सूरनं विचारलं.

"आयकलं. माह्याच आवाजात होतं." त्यानं टेप खडकावर ठेवला. "मन्सूरबाबू, तुमी हौ काहून म्हटलं?"

"म्हणजे?"

"आमचे बुढे लदेणी करत. बैलावर मीठ, धान्य लादून देशोदेशी. गोण्या लादतानी एकानं नंबर बोलावायचा, दुसऱ्यानं हौ म्हणायचं. हौ म्हटलं की गोणी त्याची. हरपली, भिजली, चोरीला गेली, जबाबदार तो. म्हणून माह्या आजानं शिकवलं होतं, बोलावणारा दिसल्याबिगर हौ म्हणू नये. वाटंत कोणीबी बोलावते." त्यानं वहीकडं बोट केलं. "तुमी साठाच्या साठ गोण्या उचलल्या."

"गोष्टी नका सांगू. कोणी तरी चेष्टा करून राह्यलं."

"माह्या आवाजात?"

मन्सूरनं वही मिटली, वर दगड ठेवला आणि उठला. त्याला भीती वाटण्यापेक्षा चीडच आली होती. नागपुरात लाल पेन्सिल, पुसदात सासरा, आणि आता इथं हे. "चला. एक्केचाळीस नंबर दाखवा मले."

खुंट गुडघ्याएवढा होता. वाळवीनं मधला भाग खाल्लेला, वर मातीची पुटं. तीन वर्षांत एक फुटवाही नव्हता. पण वास होता. ताज्या सालईला कुऱ्हाड लागली की चीक येतो आणि दर्ग्यातल्या लोबानासारखा वास सुटतो, तो. मन्सूरनं खुंटाला बोट लावून पाहिलं. कोरडं ठाक.

दोघं उभे राहिले. भावसिंगनं ओठ मिटून त्यावर हात ठेवला. मन्सूरनंही ठेवला.

वारा पडला. ज्वारीतले बिल्लेसुद्धा गप्प झाले.

"एक्केचाळीस. त्र्याऐंशी."

खुंटाच्या वरून. छातीच्या उंचीवरून.

दोघांनीही तोंडावरचा हात काढला नव्हता. कोणीच हौ म्हणणार नव्हतं.

आणि तिकडं, रिकाम्या खडकावरून, मन्सूरचा आवाज आला. थोडा कंटाळलेला, नेहमीचा.

"एक्केचाळीस. त्र्याऐंशी. हौ."

भावसिंगनं त्याचं मनगट धरलं.

"दोनशे एक," खुंटावरचा आवाज म्हणाला. "एकोणनव्वद."

माळावर दोनशेच्या वर नंबर नव्हता. कधीच नव्हता.

"दोनशे एक. एकोणनव्वद. हौ."

ते खडकापाशी आले तेव्हा दगड वहीवर जिथल्या तिथं होता. पेनाचं टोपण लावलेलं होतं. मन्सूरनं वही उघडली. शेवटच्या ओळीत त्याच्याच अक्षरात, त्याच्याच तिरप्या नवाच्या वळणानं, आकडा होता. त्यानं अंगठा फिरवला, तर शाई फरकाटली.

शनिवारी जीप आली. प्रोफेसर पुंडलिकराव खाली उतरले ते चष्मा पुसत, आणि गिरणीचे साहेब घड्याळ पाहत. खडकावर वही पसरून दोघं तासभर भांडले. प्रोफेसरांचं म्हणणं, तुटलेली साठ झाडं काढून टाका. साहेबांचं म्हणणं, कशाला काढता, त्यांचीच वाढ सगळ्यांत चांगली दिसते. सरासरी बघा, तोडलं तर जंगल जोमानं वाढतं असंच सिद्ध होतं.

"अहो, नसलेली झाडं कशी वाढतील?" प्रोफेसर कडाडले.

"ते तुम्ही शोधा. संशोधनाचे पैसे त्याचेच देतो आम्ही."

शेवटी साठांवर रेघ मारायचं ठरलं. मग प्रोफेसरांचं बोट तळाशी थांबलं. "हे दोनशे एक काय?"

मन्सूर पुढं वाकला. "सर, ते झाड नाही तिथं."

"मग लिहिलंत कशाला?"

मन्सूरनं मागं वळून पाहिलं. भावसिंग दूर, जीपच्या सावलीत, जमिनीकडं पाहत बसला होता.

"हे बघा मन्सूर," प्रोफेसर जरा नरमाईनं म्हणाले, "एक तर वही खोटी आहे असं लिहून द्या, नाही तर वही खरी आहे म्हणून सही करा. खोटी असेल तर तुमच्या जागी मला दुसरा माणूस बघावा लागेल. खरी असेल तर कायमचा कागद माझ्या बॅगेत आहे. मधलं काही नाही."

"मूळ मोजणीत एखादं झाड सुटलं असेल हो," साहेब म्हणाले. "एवढं रान आहे."

"शक्य आहे," प्रोफेसर म्हणाले. चार वर्षांत दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट. जाऊन पाहावं असं दोघांपैकी कोणाच्याही मनात आलं नाही. गवत उंच होतं आणि साहेबांना यवतमाळ गाठायचं होतं. "एकोणनव्वद म्हणजे पंच्याऐंशीच्या वर. म्हणजे पुढल्या विरळणीत जाईल. यादीत घाला."

मन्सूरनं यादीत घातलं. नंबर दोनशे एक, घेर एकोणनव्वद, शेरा: तोडणे. खाली सही केली. रौशनचा चेहरा डोळ्यांपुढं आणून केली.

जीप गेल्यावर भावसिंगनं टेप गुंडाळून त्याच्या हाती दिला. "मी उद्यापासून येत नाही, बाबू."

"काहून? आता तर सगळं मिटलं!"

"हौ," भावसिंग म्हणाला, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकानात पेढे आले. पुसदला निरोप गेला, आणि रौशनच्या बापाला आता बोलायला जागाच उरली नाही. अब्बांनी निकाहच्या शेरवानीसाठी जपून ठेवलेलं कापड पेटीतून काढलं. भर दुपार होती. रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जिनिंग फॅक्टरीकडं चालल्या होत्या, मशीन खडखडत होतं, आणि मन्सूरला कितीतरी दिवसांनी भूक लागली होती.

"सीधा खडा रह," अब्बा म्हणाले. खांदे मोजले, बाही मोजली. हलीमा खाली मान घालून म्हणत होती, लिहीत होती. मग अब्बांनी कापडाला चार टाचण्या टोचल्या, उरलेल्या तोंडात धरल्या आणि त्याच्या काखेखालून टेप फिरवला. छातीवर आणून जुळवला. चष्मा नाकावर घसरला होता. ते आकडा नीट दिसावा म्हणून वाकले.

"छाती. पस्तीस."

डोक्यात गुणाकार आपोआप झाला. चार वर्षांची सवय. पस्तीस गुणिले अडीच आणि वर चार शतांश. अठ्ठ्याऐंशी पूर्णांक नऊ. अर्ध्याच्या वर गेलं की पुढचा आकडा. एकोणनव्वद.

"हलीमा, थांब! बोलू नको—"

"छाती. पस्तीस. हौ," हलीमा म्हणाली आणि खडू पाटीवर करकरला.

दुकानात लोबानाचा वास आला. मन्सूरनं अब्बांकडं पाहिलं. ते अजून वाकून, डोळे बारीक करून, टेपवरचा आकडा शोधत होते.

टाचण्या त्यांच्या तोंडातच होत्या.