सड्याखालची खोली

माझ्या चिरे कापायच्या मशीनच्या वाटेत एक माणूस पालथा पडला होता.

आधी वाटलं, ऊन लागून पडला असेल. माघ संपत आला होता, आणि आमच्या सड्यावर, या उघड्या कातळमाळावर, तेव्हा सकाळपासूनच दगड तापतो. मी इंजिन बंद केलं, तोंडावरचा पंचा खाली ओढला आणि धावत गेले. पण त्याला काहीच झालं नव्हतं. हातात एक मऊ ब्रश घेऊन तो कातळावरची माती झाडत होता… इतक्या हळू, की खाली कोणी झोपलंय असं वाटावं.

“ओ… जित्ते आसात?”

“आहे,” तो मान वर न करता म्हणाला. “जरा सावली बाजूला घ्याल?”

“सावली माझी आसा. ही वाटय माझी आसा. आता हयसून पाता येतला.”

तेव्हा कुठे त्याने वर पाहिलं. नाकावर लाल धूळ, केसांत लाल धूळ, आणि मधेच दोन हसरे डोळे. त्याने बोटाने कातळ दाखवला. तिथे एक लांबलचक मासा कोरलेला होता.

“हे काय आहे, माहीत आहे तुम्हाला?”

“बावल्यो. पांडवांनी काढल्यांनी.”

“किती जुन्या असतील?”

“मी तेव्हा नव्हतंय.”

तो हसला. मोठ्याने नाही, पण हसू बराच वेळ चेहऱ्यावर राहिलं. मी रागाने परत मशीनकडे आले… आणि त्या माशाला वळसा घालून मशीनचे रूळ टाकले. का, ते मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

त्याचं नाव ओमकार. जुन्नरचा. एका संशोधन संस्थेसाठी सड्यावरची कोरलेली चित्रं मोजून कागदावर उतरवायला आला होता, आणि कट्टा गावात खोली घेऊन राहत होता. मी किशोरी. कट्टा आणि धामापूरच्या मधल्या सड्यावर आमची जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची खाण आहे. माझ्या बाबांची, बाळा मिस्त्रींची. त्यांची पाठ गेली तेव्हा मशीन मी हातात घेतलं. बाई मशीन चालवते म्हणून बाजारात लोक थोडे दिवस बोलले, मग कंटाळले.

ओमकार रोज पाणी मागायला यायचा. त्याची बाटली भरलेली दिसायची, तरी यायचा. मी सोलकढी दिली तर पुरवून पुरवून प्यायचा.

“आमच्या जुन्नरला अख्खे डोंगर कोरलेत,” तो एकदा सांगत होता. “लेणीच लेणी. लहानपणी आम्ही तिथे लपंडाव खेळायचो.”

“मगे हय काय शोधतंस?”

“इथे कोणी शोधलेलं नाही, म्हणून.” मग थोडं थांबून, दुसरीकडे बघत, “आणि इथे… सोलकढी बरी मिळते.”

मी पंचा नाकावर ओढून घेतला. धूळ नव्हती तेव्हा.

एका शनिवारी पातं कातळात फिरता फिरता आवाज बदलला. चिरा कापताना एकसारखा करकर आवाज येतो. तो एकदम घुमायला लागला. मी मशीन थांबवून वाकले, तर फटीतून गार वारा माझ्या तोंडावर आला. दगडाखालून वारा…

कामगारांनी पहारीने चार चिरे उचलले. खाली काळोख होता. ओमकार धावत आला, शिडी लावली, आणि उतरायच्या आधी माझ्याकडे वळला.

“आधी तुम्ही. खाण तुमची आहे.”

खाली एक खोली होती. अर्धीअधिक गाळाने भरलेली, पण खोलीच. दोन जाडजूड खांब होते. ते बाहेरून आणून बसवले नव्हते, खोली खोदताना तेवढा दगड सोडला होता. भिंतीला लागून बसायचा कट्टा आणि वर दिव्यापुरता कोनाडा, सगळं त्याच एका कातळातलं. ओमकारने मोबाइलचा उजेड भिंतीवर धरला. छिन्नीचे घाव ओळीने दिसत होते, काल मारल्यासारखे. मी त्यावर हात ठेवला. तोही नेमका तिथेच हात ठेवायला आला, आणि आमची बोटं एकमेकांवर पडली.

दोघांनीही हात काढला नाही.

वर आलो तर बाबा उभे होते. त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“सोमवारी मातयेची गाडी मागयतंय. पुरून टाकूया. खंयच बोलू नको.”

“बाबा, पण—”

“चेडवा, सरकार हय तारेचा कुंपण घालतला. मगे आपण खावचा काय?”

त्यांचं खोटं नव्हतं. म्हणूनच मला झोप लागली नाही.

रविवारी खाण बंद असते. धामापूरच्या तळ्याकाठी, भगवतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर ओमकार भेटला. मी त्याला सगळं सांगितलं.

“मला गप्प राहता येणार नाही, किशोरी. कामच आहे माझं ते.”

“तुझा काय जाता? तू कागद गुंडाळून गावाक जातलंस. माझा पोट हय आसा. ती पोरां माझ्या भरवशार काम करतत.”

“मग मी काय करू, तूच सांग.”

पहिल्यांदाच त्याने मला ‘तू’ म्हटलं होतं, आणि तेही भांडताना. मी उठले.

“काय करू नको. मी करतंय काय ता. फक्त उद्या सांजेपर्यंत थांब.”

“थांबतो,” तो म्हणाला. मी वळून पाहिलं नाही, पण तो बघत असणार हे मला पाठीला कळत होतं.

सोमवारी मातीची गाडी आली तेव्हा मी खड्ड्याच्या तोंडावर बसले होते, पाय आत सोडून.

“उठ गो,” बाबा म्हणाले.

“नाय.”

“किशोरी, लोक बगतत.”

“बगांदेत. बाबा, तुमी एकदा खाली उतरा. बगा. मगे पुरूक सांगल्यात तर मी सोता माती लोटतंय. पण न बघता नाय.”

“माझ्या पाठीक शिडी झेपात?”

ओमकार तोवर येऊन उभा होता. माझ्या बाजूने तो एक शब्दही बोलला नाही. पुढे झाला, शिडी दोन्ही हातांनी धरली, आणि पाय रोवून उभा राहिला. बाबांनी त्याच्याकडे एकदा रोखून पाहिलं, आणि कण्हत कण्हत उतरले. त्या क्षणी मला कळून चुकलं की हा माणूस मला हवा आहे. कशासाठी, किती… हे सगळं नंतरचं.

बाबा खाली बराच वेळ होते. मी वाकून पाहिलं तर ते खांबावरून तळवा फिरवत होते. जन्मभर दगड कापलेला हात तो. त्याला भाषणाची गरज नव्हती.

“आमी चिरे न्हेताव आणि खड्डो टाकताव,” ते खालूनच म्हणाले, कोणाला असं नाही. “ह्यांनी चिरे टाकल्यांनी… आणि खड्डो ठेवल्यांनी.”

वर आल्यावर त्यांनी पाणी मागितलं. तांब्या रिकामा करून ते माझ्यासमोर बसले.

“खाण पश्चिमेक न्हेवची लागात. थंय चिरो फुटको निगता.”

“म्हायत आसा.”

“अर्धो माल वाया जातलो.”

“जाऊंदे. जो रवात तो मी कापतंय.”

बाबांनी हात हलवून गाडीवाल्याला परत जायची खूण केली.

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं मालवणच्या तहसील कचेरीत गेलो. “आमच्या खाणीत कातळात कोरलेली एक खोली सापडली आहे. तिची नोंद करून घ्या,” मी साहेबांना म्हटलं. साहेब म्हणाले, खाण थांबेल, याची कल्पना आहे ना? मी म्हटलं, “तेवढा भाग थांबवा. उरलेला माझ्याकडे राहू द्या. तेवढं लिहून द्या, म्हणजे मी जाते.” लिहून मिळेपर्यंत मी खुर्चीवरून हलले नाही.

बाहेर आल्यावर ओमकार म्हणाला, “तू अशी बोलायला लागलीस की मला शाळेतल्या बाई आठवतात.”

“भियालंस?”

“फार.”

पुढचे महिने सोपे गेले असं मी म्हणणार नाही. खोलीभोवती कुंपण आलं. दोन कामगार दुसऱ्या खाणीवर गेले. पश्चिमेचा चिरा खरंच फुटका निघत होता. पाती झिजत होती, खांदे भरून येत होते. पण रोज सकाळी मी रूळ टाकत होते. कुंपणाच्या आत ओमकार गाळ काढत होता, मापं घेत होता, आणि दुपारी दोघं एकाच काजूच्या झाडाखाली जेवत होतो. बोलणं कधी असायचं, कधी नसायचं.

वैशाखात खोलीतलं त्याचं काम संपलं.

“परवा निघतो,” तो म्हणाला.

“बरां,” मी म्हटलं. त्याला अडवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. ज्याला राहायचं आहे त्याने स्वतः सांगावं.

निघायच्या दिवशी तो पाठीवर पिशवी घेऊन खाणीवर आला. मशीन चालू होतं. मी मान वर केली नाही. तो दोन पावलं पुढे आला, मग मागे गेला, आणि मग त्या सगळ्या आवाजात, मला ऐकू जाणार नाही याची खात्री बाळगून… काहीतरी बोलला.

त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. खाणीवरची माणसं दिवसभर त्या आवाजात राहतात. आम्ही ओठांवरून वाचतो.

मी इंजिन बंद केलं. सड्यावर एकदम शांतता पसरली. कामगार थांबले, झाडाखाली बसलेले बाबाही इकडे बघायला लागले.

“आता परत बोल,” मी म्हटलं.

त्याचे कान लाल झाले. पण तो पळाला नाही. त्याने पिशवी खाली ठेवली.

“माझ्याशी लग्न करशील का? असं म्हणालो.”

“मी खाण सोडून येवचंय नाय.”

“मी कुठे ये म्हटलं? या सड्यावर अजून निम्मी चित्रं मोजायची राहिलीत. संस्थेला तसं कळवून झालंय. आज जातो तो आईबाबांना घेऊन यायला.” मग जरा घाबरत, “यावं ना?”

मी पंचा सोडला आणि त्याच पंच्याने तोंड पुसलं. धूळ गेली की नाही कोण जाणे, पण रडू लपलं.

“येवा,” मी म्हटलं. “मी वाट बगतंय.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक कामगार उगीच खोकला. बाबा पाठ धरून उठले, ओमकारची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“जावंयबापू, तुमची यष्टी चुकात.” मग माझ्याकडे वळून, “आणि तू गो, मशीन चालू कर. मालाची गाडी उबी आसा.”

मी मशीन सुरू केलं. सड्याच्या कडेला पोचेपर्यंत तो वळून वळून बघत होता, आणि मी त्याच्याकडे. चिऱ्याची ती रेघ वाकडी गेली. बाबांनी पाहिली, आणि काही बोलले नाहीत.